तिचे आठ अन् माझे चार

पौनीकरांच्या घरात दोन्ही सुनांना सगळं सारखं मिळत असे. हा सासूबाईंचा, पार्वतीबाईंचा, नियम होता. गांधीबागेत साड्यांचं दुकान असलेल्या घराला तो पाळणं सोपंही होतं. नवा माल आला की पार्वतीबाई एकाच गठ्ठ्यातल्या दोन साड्या बाजूला काढत. रंग तोच, काठ तोच. मोठीला माहेरी आठवडाभर पाठवलं की धाकटीचाही आठवडा ठरलेला. तरुणपणी एका जादा पैठणीपायी त्यांचं आणि त्यांच्या जावेचं बोलणं कायमचं बंद झालं होतं. आपल्या घरात तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं.

पण साडी सारखी असली तरी नेसणारी सारखी नसते. हळदीकुंकवाला दोघी जावा एकाच रंगात गेल्या की बायका धाकटीकडे, मयुराकडे, बघत आणि म्हणत, "कशी शोभून दिसते वं साडी हिले!" मोठी, शोभा, तीच साडी नेसून शेजारीच उभी असायची. तिला कोणी काही म्हणत नसे.

शोभा पंचेचाळीसची होती, मयुरा चाळिशीला आलेली. दोन बाळंतपणांनी शोभाचं शरीर सैल झालं होतं आणि ब्लाउज शिवताना दर वेळी शिंपीणबाई नवीन माप घ्यायची. मयुरालाही एक मुलगी होती, पण तिची छाती लग्नाच्या वेळी होती तशीच होती. शोभाने हे अकरा वर्षं रोज पाहिलं होतं. दोरीवर वाळत घातलेली दोघींची ब्लाउज शेजारी शेजारी असली की ती आपलं उचलून लांब घालायची. टीव्हीवरच्या जाहिरातीतलं एक मलम तिने मागवलं होतं आणि ते रव्याच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतं. एकदा जेवताना तिच्या नवऱ्याने, ताराचंदने, वाढणाऱ्या मयुराकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. बघणं क्षणाचंच होतं. पण ज्या घाईने त्याने मान खाली घातली, ती घाई शोभाच्या मनातून कधी गेली नाही.

याच मयुराला या घराने एकदा नकार दिला होता, ही गोष्ट घरात कोणी काढत नसे.

बारा वर्षांपूर्वी धाकट्या सौरवसाठी पारशिवनीचं स्थळ आलं होतं. मुलगी पाहून झाली, पसंत पडली. मग रिवाजाप्रमाणे साखरपुड्याच्या साडीवरचं ब्लाउज शिवायला मुलीकडून मापाचं ब्लाउज मागवलं गेलं. पौनीकरांकडे त्या मापाच्या ब्लाउजला फार महत्त्व. पार्वतीबाई म्हणत, "पोट्टी नटून समोर येते, ब्लाउज काही नटत नाई." बैठकीत पाचसहा बायका होत्या. शोभाने ते ब्लाउज दोन बोटांत धरून उंच केलं आणि म्हणाली, "बाप्पा! हे तं आपल्या मेघाले होऊन जाईन." मेघा म्हणजे तिची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. सगळ्या हसल्या. पार्वतीबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप गेला आणि ब्लाउज परत गेलं.

वर्षभराने दुसऱ्या मध्यस्थाकडून तेच स्थळ पुन्हा आलं. पत्रिका त्याच होत्या, पण या वेळी कोणी त्या उघडल्या नाहीत. नवीन मापाचं ब्लाउज आलं. शोभाने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि काही न बोलता सासूच्या मांडीवर ठेवलं. "भरली वं पोट्टी," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि लग्न ठरलं.

त्या वर्षात काय झालं होतं, हे कोणी विचारलं नाही.

मयुराच्या आईने, वच्छलाबाईंनी, तिला हैदराबादला नेलं होतं. परत येताना मयुराच्या दोन्ही बाजूंना, छातीखालच्या घडीत, बोटभर लांबीचा एकेक वण होता आणि आत सिलिकॉनचं एकेक इम्प्लांट. वच्छलाबाईंनी देवासमोर तिच्याकडून शपथ घेतली होती. लग्नानंतर सौरवने एकदा त्या वणाबद्दल विचारलं. मयुरा म्हणाली, "गाठी काढल्या होत्या, साध्या." त्याला तेवढं पुरलं.

त्यामुळे या पावसाळ्यानंतर तिच्या छातीत, डावीकडे वरच्या बाजूला, वाटाण्याएवढी गाठ लागली तेव्हा तिला दोन भीती एकदम वाटल्या. आणि खरं सांगायचं तर गुपित उघडं पडायची भीती पहिली होती, गाठीची दुसरी.

तिने महिनाभर कोणाला सांगितलं नाही. मग एका सकाळी कणीक मळताना तिच्या तोंडून निघून गेलं. पार्वतीबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या.

"आई, मले इथं गाठ लागून राहिली."

पार्वतीबाईंनी मेथी खाली ठेवली. "दुखते का?"

"नाई."

"मंग डॉक्टरले दाखव. न दुखणारीच वाईट असते म्हणतात."

घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मॅमोग्राफी लिहून दिली, म्हणजे स्तनांचा क्ष-किरण फोटो. संध्याकाळी ती चिठ्ठी पाहून शोभा म्हणाली, "हिची होते तं माझी काहून नाई? मी तं हिच्याहून मोठी हाय."

"तुले गाठ हाय का?"

"गाठ आल्यावरच काढतात काय? चाळिशीनंतर सगळ्यांनीच काढा म्हणतात टीव्हीवर. पण ठीक हाय. धाकटीचंच करा."

पार्वतीबाईंनी नियम आठवला, शोभासाठीही तशीच चिठ्ठी लिहून घेतली आणि दोघींची वेळ एकाच दिवशी घेतली.

मयुराला त्या रात्री एकच दिलासा होता. तपासणी करणाऱ्या बाईला ती एकांतात सांगणार होती. घरी कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

धंतोलीतल्या त्या केंद्रात बायकांची गर्दी होती. तंत्रज्ञ भावना ही तिशीची, हसतमुख आणि कामाला चोख होती. पण त्या दिवशी तिची सहकारी रजेवर होती आणि रांग जिन्यापर्यंत आली होती. अशा वेळी ती कपडे बदलायच्या खोलीतच सगळ्यांना एकदम प्रश्न विचारून घ्यायची. दोघी जावा निळे गाऊन घालून एकाच बाकावर बसल्या होत्या.

"प्रेग्नंट नाही ना कोणी? आधी कुठलं ऑपरेशन? छातीत इम्प्लांट वगैरे?"

"इम्प्लांट म्हंजे?" शोभाने विचारलं.

"काही काही जणी सिलिकॉन बसवून घेतात ना, काकू, मोठी दिसायला."

"अगं बाई!" शोभा खो खो हसली. "ते सिनेमातल्या बायांचं काम. आमच्या घरात कोणी असले धंदे नाई करत. हो का नाई वं मयुरा?"

भावनाने पेन हातात धरून मयुराकडे पाहिलं. शोभाचा खांदा मयुराच्या खांद्याला टेकला होता.

"नाही," मयुरा म्हणाली.

हा प्रश्न असा, दुसऱ्याच्या कानावर पडेल असा विचारायचा नसतो. भावनाला शिकवताना हे सांगितलेलं होतं. रांग लांब असली की माणूस शिकवलेलं थोडं थोडं सोडत जातो.

आधी शोभा आत गेली. यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये एकेक स्तन दाबून, एक वरून आणि एक तिरका, असे दोन्ही बाजूंचे मिळून चार फोटो निघाले. दाब बसला तेव्हा ती ओरडली, "आई गं! पापड लाटून राहिली का?" दर फोटोच्या वेळी दारावरचा लाल दिवा लागून यंत्र घरघरल्याचा आवाज बाहेर येत होता. आता बाहेर बसायची पाळी तिची होती.

मयुरा आत गेली. भावनाने तिची उजवी बाजू पट्टीवर ठेवली तेव्हा हाताला घट्टपणा जाणवला. तिला संशय आला, पण उत्तर तर नाही असं मिळालं होतं. तिने बटण दाबलं. यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घरघरत राहिलं.

पडद्यावर चित्र आलं आणि भावना खुर्चीत मागे टेकली. मधोमध एक गुळगुळीत, पांढराफेक, लंबगोल डाग होता. त्याच्या कडेने स्तनाचा खरा भाग धुरकट पट्टीसारखा उरला होता.

ती काचेच्या आडोशामागून बाहेर आली. "ताई, हे इम्प्लांट आहे. मला आधी सांगायला हवं होतं."

मयुराने गाऊन छातीशी ओढला. "बाहेर माझी जाऊ आहे."

"म्हणून नाही म्हणालात?" भावनाचा आवाज खाली आला. "मग चूक माझीही आहे. मी तिच्यासमोर विचारलं." तिने स्टूल ओढलं. "ऐका. या यंत्राला किती किरण सोडायचे ते आपोआप ठरवायला लावलं होतं. समोर जितकं दाट, तितके ते जास्त सोडतं. सिलिकॉनमधून किरण नीट पार होत नाहीत. यंत्राला वाटलं हे तुमचंच अंग आहे, म्हणून ते वाढवत गेलं. गरजेपेक्षा जास्त मात्रा गेली. घाबरण्याइतकी नाही, पण उगाच गेली. आता मी हाताने मोजून लावते."

"म्हणजे अजून काढावे लागतील?"

"हो. इम्प्लांटसकट दोन्ही बाजूंचे दोन दोन, आणि ते मागे सरकवून तुमचा स्वतःचा भाग पुढे ओढून पुन्हा दोन दोन. एकूण आठ. हा पहिला मी त्यातच धरते, पुन्हा काढत नाही."

"माझे पण चारच काढा," मयुरा म्हणाली.

भावनाला कळलं नाही. "का?"

"बाहेर दिवा लागतो. ती मोजून राहिली असेल."

भावनाने पडद्याकडे बोट केलं. "हे बघा. तुमची गाठ डावीकडे वर आहे ना? चारच काढले तर त्या जागेवर अशीच पांढरी भिंत येईल. मागे काय आहे ते मला नाही दिसणार, डॉक्टरांनाही नाही. रिपोर्टमध्ये काही आढळलं नाही असंही येऊ शकेल. तो कागद घेऊन तुम्ही घरी जाल. किरणही घेतलेले असतील आणि हाती काहीच नसेल. आठांची मात्रा चारांहून जास्त, हे खरं. पण ते चार फुकट जातील ते जास्त वाईट."

"ते फुटणार तं नाई ना दाबताना?"

"तोच भाग तर मागे सरकवते. दाब तुमच्या अंगावर येईल, त्याच्यावर नाही. सांभाळून करते."

मयुरा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाहेर शोभाचं खोकणं ऐकू येत होतं. चार फोटो काढून निमूट घरी जाता येत होतं. सासर, नवरा, मुलीची शाळा, सगळं आहे तसंच राहिलं असतं आणि गाठ तेवढी वाढत गेली असती. तिने गाऊनची नाडी सोडली.

"काढा," ती म्हणाली. "आठ काढा."

बाहेर शोभा खरंच मोजत होती. चौथा दिवा विझला तेव्हा ती पर्स घेऊन उठली. पाचवा लागला तेव्हा ती पुन्हा बसली. सातव्याला तिने शेजारच्या बाईला विचारलं, "तुमचे किती काढले?" "चार," बाई म्हणाली. आठवा दिवा विझल्यावर डॉक्टर आत गेले आणि बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेव्हा शोभा दारातच उभी होती.

"माझे चार अन् हिचे आठ काहून?"

"त्यांना गरज होती, काकू," भावना म्हणाली.

"अन् मले नाई? वेळ एकच, चिठ्ठी एकच. मले बी आठ काढून द्या."

"अहो, हे काही फोटो स्टुडिओचे फोटो नाहीत. किरण असतात. गरज नसताना एकही जास्त काढायचा नसतो."

"हिच्यावर किरण चालतात, माझ्यावर नाई? कोणाच्या ओळखीनं झालं हे? सौरवनं फोन केला असंन."

जिन्यावरच्या बायका ऐकू लागल्या. मयुराने शोभाचा दंड धरला आणि तिला कपडे बदलायच्या रिकाम्या खोलीत नेऊन दार लावलं.

"ताई, माझ्यात इम्प्लांट आहेत. दोन्हीकडे. लग्नाच्या आधीपासून."

शोभाला पहिल्यांदा अर्थ लागला नाही. मग लागला. तिने मयुराच्या छातीकडे पाहिलं, अकरा वर्षं पाहत होती तसंच, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. हळदीकुंकवाला बायका ज्याचं कौतुक करत होत्या ते सिलिकॉन होतं. ताराचंदने ज्याकडे पाहिलं तेही तेच.

"म्हंजे खोटंच," ती म्हणाली. "सगळं खोटंच निंगालं."

"घरी मी स्वतः सांगते, ताई. डॉक्टरांनी फोटो पाहिलेत. गाठ सरकवलेल्या फोटोतच दिसली, बाकीच्यात नाही. कडा चांगल्या नाहीत म्हणतात. उद्या सुई घालून तपासायला तुकडा काढणार आहेत. तेवढं होऊ द्या, मग सगळ्यांना मीच सांगते."

शोभा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ऑटोत बसल्यावर तिला स्वतःचा रिपोर्ट आठवला. काही दोष नाही, असं त्यात दोन ओळींत होतं. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण मयुराचा कागद जाड होता.

घरी पोचल्यावर मयुरा हातपाय धुवायला गेली. ती परत येईपर्यंत शोभाने सांगून टाकलं होतं.

बैठकीत सगळे होते. दुकानाला सुटी होती, म्हणून दोघे भाऊही घरीच होते. पार्वतीबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"हे शोभा म्हणते ते खरं हाय?"

"हो," मयुरा म्हणाली.

"फसवलं आमाले," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुझ्या मायनं आमाले फसवलं. दाखवलं एक, दिलं एक."

सौरव खिडकीकडे तोंड करून उभा होता. "मी विचारलं होतं तुले. गाठी काढल्या म्हणे. अकरा वर्षं मी येड्यावानी..."

"तिच्या आईले बोलवा पारशिवनीहून," ताराचंद म्हणाला. "चार माणसं बसवा अन् सोक्षमोक्ष करा."

"उद्या तुकडा काढायचा आहे," मयुरा म्हणाली. "गाठ चांगली दिसत नाही म्हणतात."

"पहिले बैठक," पार्वतीबाई म्हणाल्या. "बैठक झाल्याशिवाय दवाखाना नाई. कोणी जायाचं नाई हिच्यासंगं. अकरा वर्षं लपवलं, आता आठ दिवसांनी काय होते? अन् काय माहीत, त्या प्लास्टिकनंच झाली असंन गाठ."

"त्यानं नाही झाली. डॉक्टरांना मी तेच पहिलं विचारलं. तसं म्हणता येत नाही, म्हणाले."

"मी सही नाई करणार कशावर," सौरव खिडकीकडेच बघत म्हणाला.

मयुरा इतका वेळ उंबऱ्याशी उभी होती. आता ती आत आली आणि सासूसमोरच्या खुर्चीत बसली. या घरात मोठ्यांसमोर सुना खुर्चीत बसत नसत.

"तुझी सही लागत नाही, सौरव. माझी लागते. मी विचारून आले." तिचा आवाज चढला नव्हता. "मी लपवलं. ते चुकलंच, तुझ्यापाशी तर जास्तच चुकलं. त्यासाठी तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकीन. पण फसवलं म्हणता, आई, तर एक सांगा. पहिल्या वेळी मी खरीच आली होती ना तुमच्याकडे? माझं मापाचं ब्लाउज तुम्ही परत पाठवलं. त्यावर कोण काय बोललं, बैठकीत किती हसू झालं, ते मध्यस्थानं माझ्या आईला शब्दानं शब्द सांगितलं. मी दाराआड होती. मेघाला होईल म्हणाल्या."

शोभाने पदर सारखा केला. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"दुसऱ्या वेळी तुम्ही मुलगी पाहिलीच नाही. ब्लाउज पाहिलं आणि हो म्हणाल्या. जे मागितलं ते आईनं आणून दिलं. आज त्याच्यामागं गाठ लपली होती. आणखी चार वर्षं मी गप्प राहिली असती तर ती तिथंच वाढली असती आणि तुम्ही सगळे माझ्यासाठी रडले असते. मला तसं मरायचं नाही. उद्या सकाळी मी धंतोलीला जाणार, आणि काम झालं की इथंच परत येणार. हे माझ्या लेकीचं घर आहे. बैठक बसवायची तर बसवा, मी येऊन बोलीन."

ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन मुलीसाठी दूध तापवू लागली.

मग पार्वतीबाईंनी शोभाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू सांगतलं ते बरं केलं. आपल्या घरची खरी सून तूच."

ताराचंदही म्हणाला, "ही साधी आहे, पण जे आहे ते खरं."

अकरा वर्षं शोभा याच शब्दांची वाट पाहत होती. आता ते एकदम मिळाले, सासूकडून आणि नवऱ्याकडून, आणि मयुराला त्यातला एकही मिळाला नव्हता. पहिल्यांदाच या घरात दोघींना सारखं मिळालं नव्हतं आणि जास्तीचं शोभाकडे आलं होतं. ती त्याची गोडी लागायची वाट बघत बसली. पण तिची नजर सारखी स्वयंपाकघराकडे जात होती. तिथे एक बाई, कोणाला न विचारता उद्या कुठे जायचं ते ठरवून, दुधावरची साय बाजूला काढत होती. शोभाने या घरात बावीस वर्षांत न विचारता दारापर्यंतही पाऊल टाकलं नव्हतं. तिला मयुराच्या अंगाचा हेवा वाटायचा तो आता उरला नव्हता. त्याच्या जागी आलेला हेवा जास्त झोंबणारा होता, कारण हा हैदराबादला जाऊन मिळण्यासारखा नव्हता.

सकाळी मयुरा मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून परस्पर कोपऱ्यावर ऑटो थांबवत होती. मागून चपलांचा आवाज आला. शोभा घाईने येत होती. तिने घरातलीच साडी नेसली होती.

"सरक वं तिकडे," ती म्हणाली आणि ऑटोत चढली.

"आईंना सांगितलं?"

"नाई. तू विचारून निंगाली काय? तू जाते तं मी बी येते." मग थोड्या वेळाने, रस्त्याकडे बघत, "सांगीन आल्यावर. ओरडतीन तं ओरडतीन."

ऑटो सक्करदऱ्याच्या चौकात थांबला. बाजूच्या जाहिरातीच्या फलकावर साडी नेसलेली एक बाई हसत होती. मयुराने मान दुसरीकडे फिरवली.

"मला तुमचा हेवा वाटायचा, ताई," ती म्हणाली.

"माझा?" शोभाला ही थट्टाच वाटली.

"तुम्ही पोटावर झोपता. नदीवर चार बायांत आंघोळ करता. काल त्या बाईनं विचारलं तर तुम्ही हसल्या. मला वाटलं, असं हसता आलं असतं तर."

सिग्नल सुटला.

वाचक हो, पुढचा रिपोर्ट चांगला आला नाही. पण गाठ लहान होती आणि वेळेत हाती लागली होती. मयुराचे उपचार चालू आहेत. सौरव तिसऱ्या खेपेपासून तिच्यासोबत जाऊ लागला आहे. त्याच्या मनातला राग अजून गेलेला नाही आणि मयुराही तो लवकर जावा असं म्हणत नाही. बैठक बसली नाही, कारण तिथे मयुराविरुद्ध बोलायला शोभा तयार झाली नाही. या घराचं काय झालं ते इतकंच आहे. तुमच्या घरी स्थळ येईल तेव्हा मुलीचं शिक्षण, स्वभाव, हसणं यांच्याआधी तुमची नजर कुठे जाते, आणि त्या नजरेपायी कोणत्या गावची कोण आई आपल्या लेकीला घेऊन दूरच्या शहराची गाडी पकडते, हे तुमचं तुम्हीच पाहायचं आहे.

पण त्या सकाळी रिपोर्ट अजून यायचा होता. ऑटो धंतोलीच्या पुलाखालून वळला तेव्हा शोभाने विचारलं, हळू, ऑटोवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात,

"दुखलं होतं का वं? तिकडे, हैदराबादला?"

हे मयुराला कोणी विचारलं नव्हतं. आईने नाही, कारण आईला उत्तर ऐकवलं नसतं. काल बैठकीत बसलेल्यांपैकीही कोणाला ते सुचलं नव्हतं.

"खूप," मयुरा म्हणाली, आणि उतरायची वेळ झाली तरी दोघी तशाच बसून राहिल्या.